परीक्षा जवळ आली की कराटेचाच तास का उडतो? शाळा चालवणाऱ्यांना खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

दुसरे सत्र सुरू होते, नवे वेळापत्रक लागते आणि त्यात कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदोच्या जागी गणिताचा जादा तास दिसतो. सोबतची सूचना दोन ओळींची असते : ‘अभ्यासाचा ताण लक्षात घेता सदर उपक्रम परीक्षेपर्यंत स्थगित करण्यात येत आहे.’ परीक्षेनंतर सुट्टी, सुट्टीनंतर नवे वर्ष, नव्या वर्षात नव्या तुकड्या. स्थगित झालेला तास परत येतो तेव्हा मुले पुन्हा पहिल्या धड्यावर आलेली असतात. काही शाळांत तो परतच येत नाही.

त्या दोन ओळींना हे उत्तर आहे. जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच की निर्णय शाळा घेते, पण त्या तासात नेमके काय चालते हे पालकांना बहुधा कुणी सांगितलेलेच नसते. त्यांच्या दृष्टीने तो हातपाय हलवण्याचा तास. तो गेला म्हणून कुणी विचारायला येत नाही.

आम्ही शाळाशाळांतून हा विषय शिकवणारे प्रशिक्षक आहोत. तास राहिला तर आमचे काम राहते, हे उघड आहे. म्हणून आमच्या बाजूने न बोलणारे पुरावेही खाली मांडले आहेत, आणि शेवटच्या मागण्यांपैकी बऱ्याच आमच्याच पेशाला बांधून घालणाऱ्या आहेत.

आधी ‘अवांतर उपक्रम’ या शेऱ्याबद्दल. जणू बाहेरच्या कुणी ही वस्तू शाळेच्या दारात आणून ठेवली! इतिहास उलटा आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे प्राथमिक शाळेत नेले. मुलांना झेपावेत म्हणून त्यांनी पाच छोटे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचे संच, बसवले. पिनान किंवा हेइआन या नावांनी ते आजही जगभरातली मुले अगदी सुरुवातीला शिकतात. १९०८ मध्ये त्यांनी सरकारदरबारी दहा कलमांचे पत्र लिहून शाळांमधून कराटे शिकवावे असा आग्रह धरला. तेव्हा या विषयावर अधिकाऱ्यांना पत्र लिहिणारे आम्ही काही पहिले नव्हेत. कराटे तोक्योत नेणारे गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. १८८२ मध्ये कोदोकान ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचे बरीच वर्षे प्राचार्य होते. जुन्या जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले, ते विद्यार्थ्यांना पूर्ण ताकद लावूनही इजा न होता सराव करता यावा म्हणून.

आता तासाविषयी. ‘व्यायाम होतो, शिस्त लागते’ एवढ्यावर त्याचे कौतुक संपते. दोन्ही खरे, पण तेवढ्यासाठी कवायतही पुरते. या तासातून वर्गात जे जाते ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हेइआन शोदान या पहिल्या कातात एकवीस हालचाली आहेत. मूल त्या पाठ करते तेव्हा नकळत खोलीही पाठ करते : खिडकीकडे ब्लॉक, दाराकडे वळण, समोरच्या भिंतीकडे पंच. सहा-आठ आठवड्यांनी सगळ्यांना काता येतो असे वाटू लागले, की त्यांना मागच्या भिंतीकडे तोंड करून तोच काता करायला सांगायचा. तिसऱ्या-चौथ्या हालचालीलाच बरीच मुले अडकतात, एकमेकांवर आदळतात, हसू लागतात. खिडकी आता डावीकडे राहिलेली नसते. ज्यांना क्रम डोक्यात धरता येतो आणि स्वतःची डावी बाजू खोलीपासून सोडवून घेता येते ती पुढे सरकतात. बाकीच्यांना आणखी दोन-तीन आठवडे लागतात. पुढची पायरी डोळे मिटून. त्यापुढची डावे-उजवे उलटे करून. क्रम मनात ठेवणे, सवयीची हालचाल रोखणे आणि नियम बदलला की आपणही बदलणे, ही तीन कामे मूल इथे अंगाने करते. हातचा लक्षात ठेवताना, पहिले सुचलेले उत्तर ओरडून न सांगताना, बेरजेच्या गणितांमधून अचानक वजाबाकीवर येताना डोक्याला हीच तीन कामे पडतात.

दुसरी गोष्ट थांबण्याची. जोडीच्या सरावात पंच समोरच्याच्या छातीपासून एक वीत अलीकडे थांबवायचा असतो, तोही पूर्ण वेगाने निघालेला. नवे मूल एकतर घाबरून हातभर लांब थांबते, नाहीतर लागतेच. अंतर, वेग आणि स्वतःचा हात यांचा अंदाज जुळायला महिने जातात. ‘यामे’ हा शब्द कानावर पडताच जिथे असाल तिथे थिजायचे, हा नियम आठ वर्षांच्या मुलाला ऐन रंगात आलेल्या झटापटीत पाळायचा असतो. ज्युदोत आणि कुस्तीवजा खेळांत याच्याही पुढचे घडते. खाली धरले गेलेले मूल मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारते आणि वरचे मूल त्या क्षणी पकड सोडते. त्यात वाद नाही, ‘अजून थोडे’ नाही. पाचच मिनिटांनी भूमिका बदलणार असते, हे दोघांनाही ठाऊक असते. दुसऱ्याने ‘पुरे’ म्हटले की थांबायचे हे भाषणाने शिकवणे किती अवघड आहे, ते मधल्या सुट्टीत मैदानावर उभ्या राहिलेल्या कुणाही शिक्षकाला विचारावे.

हे आमचे कौतुक आम्हीच करतो आहोत असे वाटेल, म्हणून अभ्यासांकडे वळू. २००४ मध्ये लेक्स आणि हॉइट या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका शाळेतील बालवाडी ते पाचवीपर्यंतच्या २०७ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही गटांना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास दिला, काहींना त्याच्या जागी पारंपरिक पद्धतीचे तायक्वांदो. तीन महिन्यांनी तायक्वांदोच्या गटात स्वतःवरचा ताबा, वर्गातले वागणे आणि इतरांशी वागणे अधिक सुधारलेले दिसले. तोंडी गणिताच्या चाचणीतही ही मुले पुढे होती. मुलग्यांमधला फरक मुलींपेक्षा जास्त होता. त्या तासात मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवले जात : मी कुठे आहे? मी काय करतो आहे? मी काय करायला हवे? एक शाळा, तीन महिने, एवढाच त्याचा आवाका, हेही लक्षात ठेवावे. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ॲडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी चार ते बारा वर्षांच्या मुलांचे लक्ष आणि आत्मनियंत्रण कशाने वाढते याचा आढावा घेतला, त्यात पारंपरिक मार्शल आर्ट्सचा समावेश आहे. आणि जादा तासांबद्दल : अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१० मध्ये शाळेतील शारीरिक हालचाल आणि अभ्यासातली प्रगती यांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. तपासलेल्या संबंधांपैकी जवळपास निम्मे हालचालीच्या बाजूचे निघाले, विरुद्ध बाजूचे अगदी तुरळक. व्यायामाचा तास काढून अभ्यासाला दिल्याने गुण वाढतात, या समजुतीला तिथे आधार मिळत नाही.

आता आमच्या विरुद्धचे पुरावे. १९८६ मध्ये मायकेल ट्रल्सन यांचा अभ्यास आला. गुन्हेगारीकडे झुकलेली १३ ते १७ वयाची ३४ मुले, तीन गट, सहा महिने. एका गटाला काता, आदर, शांत बसणे यांसह पारंपरिक तायक्वांदो. दुसऱ्याला फक्त लढत आणि स्वसंरक्षणाचे डाव. तिसऱ्याला धावणे, बास्केटबॉल वगैरे. पहिल्या गटातला आक्रमकपणा उतरला. दुसऱ्या गटात गुन्हेगारीकडचा कल उलट वाढला. गट लहान होते, पण निष्कर्षाची दिशा नजरेआड करण्यासारखी नाही. २००५ मध्ये नॉर्वेतल्या एन्ड्रेसेन आणि ओल्वेउस यांनी दाखवले की बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पौर्वात्य मार्शल आर्ट्स करणाऱ्या ११ ते १३ वर्षांच्या मुलग्यांमध्ये खेळाबाहेरची मारामारी आणि समाजविरोधी वागणे वाढले. हे ओल्वेउस म्हणजे शाळेतल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेले संशोधक. त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की एकच गोष्ट हाती लागते. फायदा कलेच्या नावात नसतो, तास कसा चालतो यात असतो. मुलांना जोडीने, संयमाने, वर्षभर नियमित शिकवले तर तास अभ्यासाला हातभार लावतो. तुटक, दिखाऊ किंवा नुसता मारामारीचा केला तर काही देत नाही, कधी नुकसानही करतो. शाळा आज तो नेमका दुसऱ्या प्रकारे चालवतात. आमच्या तक्रारी त्या आहेत.

पहिली तक्रार तास तोडण्याची. सत्र अर्ध्यावर आले की मुलांना नुकते कुठे इजा न होता पडणे जमू लागलेले असते, पंचावर ताबा येऊ लागलेला असतो. तिथे तीन-चार महिन्यांची खोट बसली की पाठ झालेला काता परत येतो, पण अंतराचा अंदाज आणि पडण्याची प्रतिक्षिप्त सवय येत नाही. मुलाला मात्र वाटते, आपल्याला येते. सुट्टीनंतरच्या पहिल्या काही तासांत मनगटे आणि दात सांभाळावे लागतात ते यामुळे. परीक्षेच्या दिवसांत वेळ कमी आहे, हे आम्हालाही कळते. तेव्हा तास वीस मिनिटांवर आणता येतो : तीन मिनिटे सैलावणे, पाच मिनिटे पडण्याचा सराव, दहा मिनिटे येणारेच काता, दोन मिनिटे शांत बसून श्वास. लढत बंद, नवीन काही नाही, बेल्ट परीक्षा नाही. मुले घामाघूम न होता वर्गात परततात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयातल्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. परीक्षेच्या काळात ही गरज सुट्टीवर जात नाही.

दुसरी तक्रार गॅदरिंगची. कार्यक्रमाच्या आधी पाच-सहा आठवडे सगळा तास एका गाण्यावर बसवलेल्या हालचालींना जातो. ज्यांना ताल जमतो ती मुले पुढच्या रांगेत आणि बाकीची कडेला फलक धरून. हेही चालवून घेतले असते, पण वर मागणी येते : ‘सर, काहीतरी फोडून दाखवा.’ फोडण्याचे प्रात्यक्षिक मोठ्यांसाठीही बरेचसे मांडणीचे काम असते. फळी पातळ आणि कोरडी, तंतूंच्या दिशेने धरलेली. कौलांच्या थरात मध्ये फटी ठेवलेल्या, म्हणजे वरचे तुटताना खालच्याला मदत करते. मुलांच्या बाबतीत प्रश्न गंभीर आहे. हाताच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ कूर्चेचा थर असतो, तो पौगंडावस्था सरेपर्यंत भरून येत नाही. तिथे मार बसला तर बोट वाकडे वाढू शकते, किंवा वाढ थांबू शकते. म्हणून मुलांच्या मुठी कडक करण्यासाठी भिंतीवर, लाकडावर मारणे, टाइलवर मुठींवर जोर काढणे हेही नको. टाळ्यांसाठी तर नकोच.

तिसरी तक्रार फक्त मुलींसाठीच्या तीन किंवा पाच दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिराची. हेतू चांगला असतो, छायाचित्र चांगले येते. पण मनगट सोडवण्याचा डाव मैत्रिणीने हलकेच धरलेल्या हातावर जमतो. जोर लावून धरलेल्या हातावर जमायला महिनोन्महिने विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव लागतो. पाच दिवसांत डाव येत नाही, डाव येतो असा विश्वास येतो, आणि तो अधिक धोक्याचा. एवढ्या वेळात जे खरोखर शिकवता येते ते साधे आहे : अंतर राखणे, मोठ्याने ‘नाही’ म्हणणे, पळण्याची वाट आधी पाहून ठेवणे, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणे आणि ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगणे. तेच शिकवा. शिवाय मुली हॉलमध्ये असताना मुलगे मैदानावर सोडलेले असतात. थांबायला शिकण्याची गरज तर त्यांनाच आहे!

चौथी तक्रार सगळ्यांत मोठी आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. शाळा हा तास कुणाच्या हाती देते आणि कोणत्या जमिनीवर घेते?

जपानचे उदाहरण समोर आहे. तिथे २०१२ पासून माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांत ज्युदो, केन्दो किंवा सुमो अशी युद्धकला शारीरिक शिक्षणात सक्तीची झाली. त्याच सुमारास एक जुनी आकडेवारी लोकांपुढे आली : १९८३ पासूनच्या तीन दशकांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुले दगावली होती. बहुतेक घटना शाळेच्या क्लबांतल्या, बरीच मुले पहिल्याच वर्षाची, आणि मृत्यूचे मोठे कारण डोक्याची दुखापत. फ्रान्समध्ये नोंदणीकृत ज्युदोपटू जपानपेक्षा कितीतरी जास्त असूनही तिथे अशी मालिका दिसत नाही. तिथे पैसे घेऊन शिकवायचे तर सरकारमान्य पदविका लागते. ज्युदोचा उगमही ज्या शाळांना वाचवू शकला नाही, त्यांच्या अनुभवातून बाकीच्यांनी शिकायला हवे.

ओसोतोगारीसारख्या फेकीत, म्हणजे जोडीदाराला खाली पाडण्याच्या डावात, मूल सरळ पाठीवर जाते. हनुवटी वर राहिली तर डोके मागे झटकते आणि मॅटवर आपटते. कधी थेट आपटलेही नसते. नुसत्या जोरदार झटक्याने मेंदूभोवतीच्या शिरा फाटून रक्त साचू शकते. म्हणून फेक शिकवण्याआधी पडणे शिकवायचे, आणि ते एका तासात उरकायचे नसते. क्रम असा : आधी पाठीवर झोपून हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, दोन्ही हात अंगापासून साधारण तीस-चाळीस अंशांवर एकदम मॅटवर. मग बसून मागे. मग उकिडवे बसून. मग उभ्याने, गुडघे वाकवत, बूड टाचेजवळ टेकवत. मग चालता चालता. शेवटी जोडीदाराच्या हलक्या ढकलीने. प्रत्येक पायरी किमान दोन-तीन तास, आणि एकाही मुलाचे डोके टेकत असेल तर त्याच्यासाठी पुढची पायरी नाही. हात मागे टेकवून स्वतःला सावरणे ही माणसाची उपजत खोड. मुलांची मनगटे आणि कोपरे मोडतात ती त्यामुळेच. ती सवय मोडणे हा पडण्याच्या सरावाचा निम्मा भाग आहे. मूल पुढे कधी मॅटवर पाऊल ठेवणार नाही, पण सायकलवरून आणि जिन्यावरून पडणारच आहे.

जमिनीबद्दल. फेकीसाठी चार सेंटिमीटर किंवा अधिक जाडीचे ज्युदो मॅट लागतात, खाली न सरकणारा थर आणि मधल्या फटी बंद. फटीत पायाचा अंगठा अडकतो. कराटे-तायक्वांदोच्या सरावाला दोन-अडीच सेंटिमीटरचे एकमेकांत बसणारे मॅट चालतात, पण त्यांवर फेक घ्यायची नाही. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर सतरंजी टाकून घेतलेला ज्युदो हा अपघाताची वाट पाहणे आहे. मॅट रोज पुसायचे, नखे कापलेली हवीत, अंगावर गजकर्ण दिसले की ते बरे होईपर्यंत जोडीचा सराव बंद.

डोक्याला मार लागलेले मूल ‘मी ठीक आहे’ म्हणते, कारण त्याला खेळायचे असते. त्याचे ऐकायचे नाही. त्या दिवशी सराव बंद, पालकांना लेखी कळवायचे, डॉक्टरांना दाखवायचे. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हापुन्हा उलटी झाली, झोपाळूपणा, झटका किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट रुग्णालय. परतताना आधी अभ्यास, मग हलकी हालचाल, मग एकट्याचा सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. जोडीचा सराव डॉक्टरांच्या होकारानंतरच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ च्या अहवालात डोक्यावरच्या फटक्यांना उत्तेजन देऊ नये असे म्हटले आहे, आणि मऊ हेल्मेटमुळे मेंदूला बसणारा धक्का टळतो हे सिद्ध झालेले नाही याकडे लक्ष वेधले आहे. ‘हेल्मेट घातले होते ना’ हे उत्तर म्हणून पुरणारे नाही.

आमच्या पेशातल्या काही वाईट सवयीही इथेच नोंदवतो, म्हणजे खिडकीतून पाहणाऱ्या शिक्षकाला त्या ओळखता येतील : पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या पाठीवर दाब देऊन स्प्लिट करवणे, बेडूकउड्या मारत हॉलच्या फेऱ्या, हवेत किक मारताना गुडघा झटक्याने पूर्ण सरळ करणे, स्पर्धेतल्या वजनगटासाठी मुलाला उपाशी ठेवणे किंवा पाणी तोडणे. शेवटची गोष्ट दिसली तर प्रशिक्षकाला त्याच दिवशी थांबवा.

पाचवी तक्रार शिक्षेची. गृहपाठ राहिला म्हणून मुलाला कराटेच्या तासाला न सोडणे, ही शिक्षा बहुधा ज्याला तासाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच मिळते. उलट टोकाला वर्गातली सगळी ‘वांड’ मुले आमच्याकडे पाठवली जातात, दमून गप्प बसतील म्हणून. दमलेले मूल गप्प बसते, शिकत नाही. आणि शंभर जोर, पन्नास बैठका ही शिक्षा दिली की मुलाच्या मनात व्यायाम आणि अपमान कायमचे जोडले जातात. ज्या मुलांचे लक्ष टिकत नाही त्यांना पुढच्या रांगेत कडेला उभे करावे, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि रांगेत वाट पाहण्याचा वेळ कमी ठेवावा. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी बंद हॉलमधली सामूहिक किआई, म्हणजे हालचालीबरोबरची जोरदार आरोळी, असह्य असते. ती मोकळ्यावर घ्या, नाहीतर हळू. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यांना डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कोलांटी किंवा फेक नको. दमा असलेल्याचा पंप दप्तरात नको, मॅटच्या कडेला हवा.

सहावी, थोडक्यात : बेल्ट. दर दोन महिन्यांनी सगळ्या वर्गाला नवा रंग मिळत असेल तर त्या परीक्षेला अर्थ नाही. सुरुवातीच्या दोन बेल्टांमध्येही तीन-चार महिन्यांचा नियमित सराव हवा, आणि ‘अजून तयार नाही, पुढच्या वेळी’ हे उत्तर मिळण्याची शक्यता हवी. बेल्ट गुणपत्रिकेशी बांधू नका. गणितात मागे असलेल्या मुलाला हीच एक जागा असते जिथे ते पुढे असू शकते.

आमच्या मागण्या :

१. आठवड्यातून किमान दोन तास, वर्षभर, वेळापत्रकात कायम. परीक्षेच्या दिवसांत वर सांगितलेला वीस मिनिटांचा तास, पण शून्य नाही.

२. प्रशिक्षकाची नेमणूक करताना नुसता काळा बेल्ट पाहू नका. मुलांना शिकवल्याचा अनुभव, प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र आणि पूर्वीच्या ठिकाणची चौकशी लेखी नोंदवा. त्याने घेतलेला एक तास बसून पाहा.

३. एका प्रशिक्षकामागे वीसपेक्षा जास्त मुले नकोत. सात वर्षांखालील असतील तर बारा. साठ मुलांचा एकत्र तास हा जोडीचा सराव होऊ शकत नाही, ती कवायत होते.

४. तासाला शाळेचा एक शिक्षक हजर असावा. अंगाला हात लावून शिकवण्याचा विषय आहे. मुलांच्या आणि प्रशिक्षकाच्या, दोघांच्याही रक्षणासाठी ते आवश्यक आहे.

५. योग्य मॅट नसतील तर ज्युदो आणि फेकी बंद ठेवा. काता, पायांचे काम आणि अंतराचा सराव साध्या सपाट जमिनीवर होतो, तेवढेच घेऊ.

६. फोडण्याची प्रात्यक्षिके आणि मुलांच्या लढतीत डोक्यावर फटके शाळेच्या आवारात बंद. गॅदरिंगला मुलांनी वर्षभर शिकलेलेच करून दाखवावे, सगळ्यांनी.

७. स्वसंरक्षणाचे शिक्षण मुलगे-मुली दोघांना, नियमित तासाचा भाग म्हणून.

८. इजा नोंदवही ठेवा : तारीख, काय चालले होते, काय लागले, पुढे काय केले. दर सत्राअखेर ती पालकसभेत वाचून दाखवा. नोंदी आमच्या विरुद्ध गेल्या तरी चालतील.

९. तास बंद करायचाच असेल तर आधी मोजा. वर्गशिक्षकांनी महिन्यातून एकदा तीनच गोष्टी टिपाव्यात : मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत व्हायला किती मिनिटे लागली, एका तासात किती वेळा मुलांना गप्प करावे लागले, महिन्यात मारामारीच्या किती तक्रारी आल्या. ज्या तुकड्यांना हा तास आहे आणि ज्यांना नाही त्यांच्या एका सत्राच्या नोंदी शेजारी ठेवा. फरक दिसला नाही तर तास कसा चालतो ते आधी तपासा, आमच्यापासून सुरुवात करून. ते सुधारूनही फरक पडला नाही तर खुशाल बंद करा.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती. बैठकीला बोलावल्यास मॅट, वेळ आणि तुकड्यांच्या आखणीचा कच्चा आराखडा घेऊन येऊ.

आपले,
शाळांमध्ये मार्शल आर्ट्स शिकवणारे प्रशिक्षक